ज्या खर्चाचा तगादा येत नाही

वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन आटोपले की विहारातच सतरंजीवर बसून वाडीतल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब तपासायचा, असा आमचा परिपाठ आहे. गेल्या पावसात वैभववाडी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत साठीच्या एका आजींचा दाब १७०/१०० आला. गोळी चालू आहे का, विचारले. चालू होती. रोज घेता का, विचारल्यावर त्या जरा हसल्या. “रोज घेतल्यो तर पंधरा दिसांत सरतत. एक दिस आड घेतंय, म्हयनोभर पुरतत.”

अशा वेळी आपण ‘अडाणीपणा’ म्हणून मोकळे होतो. मीही आधी तेच म्हणणार होतो. पण त्यांचा हिशेब बरोबर होता. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तिथवर पोहोचणे मात्र फुकट नाही. पावसात निसरड्या पाखाडीवरून त्यांना एकटे जाता येत नाही. सून सोबत गेली की सुनेचा दिवसाचा रोज बुडतो. महिन्यातून एक रोज बुडवणे घराला झेपते, दोन झेपत नाहीत. म्हणून त्यांनी एका खेपेच्या गोळ्या दोन खेपांना पुरवल्या. दाबाच्या गोळीचे एक दिवस आड चालत नाही, तिचा परिणाम रोजच्या रोज ठेवावा लागतो, हे त्यांना कुणी नीट सांगितले नव्हते हे खरे. पण नुसते सांगून भागले असते असेही नाही.

या पानावर काय खावे, काय टाळावे हे आपण वेळोवेळी वाचतो. या वेळी त्याच्या आधीचा प्रश्न घेतो आहे. जे खावे म्हणून सांगितले जाते ते मजुरीत बसते का? बसत नसेल तर घरात आधी काय कापले जाते?

मोलमजुरीच्या घरात महिन्याचे खर्च दोन तऱ्हेचे असतात. काहींचा तगादा येतो. फायनान्सच्या गटाचा हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरल्या वारी द्यावाच लागतो, नाहीतर बाकीच्या बायका दारात येऊन बसतात. वीजबिल थकले तर वायरमन येतो. रिचार्ज संपले की मोबाईल आपणच बोंब मारतो, आणि मजुरीला बोलावणेही आता मोबाईलवरच येते. सिलिंडर संपला की चूल बंद. दुकानदाराची उधारी असतेच. दुसऱ्या तऱ्हेच्या खर्चाची आठवण करून द्यायला कुणी येत नाही. डाळ कमी झाली म्हणून डाळ तक्रार करीत नाही. दूध बंद झाले तर घरी कोणी नोटीस पाठवत नाही. दाबाची गोळी, मुलाचे अंडे, घरच्या बाईच्या वाट्याची भाजी यांचा तगादा नसतो, म्हणून हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. हे खर्च थकतात तेव्हा शरीर लगेच काही म्हणत नाही. वर्ष-दोन वर्षांनी म्हणते, आणि तेव्हाचे बिल दवाखान्याचे असते.

आता आकडे मांडू. मजुरीचे माप म्हणून रोजगार हमीचा दर घेतो, कारण तो छापील आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये तो दिवसाला २९७ रुपये होता, २०२५-२६ साठी ३१२ झाला. भातलावणीत, चिरेखाणीवर किंवा गवंड्याच्या हाताखाली गड्याला याहून जास्त मिळते. काजू सोलायला किंवा बागेत बेणणीला जाणाऱ्या बाईला तेवढे मिळेलच असे नाही. घर पाच माणसांचे धरू: नवरा-बायको, दोन मुले, एक म्हातारी. वर्षात नवऱ्याला दीडशे दिवस आणि बायकोला शंभर दिवस काम मिळाले. आपल्याकडे पावसानंतर, भात कापून झाल्यावर जी कामाची ओढ असते ती बघता हे काही वाईट वर्ष नव्हे. अडीचशे दिवसांचे ३१२ प्रमाणे ७८,००० रुपये झाले. महिन्याला साडेसहा हजार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटाचा आदर्श सांगितला आहे. त्यात डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, तेल २७ ग्रॅम आहे. शिवाय फळे आणि सुका मेवा. सुका मेवा सोडून देऊ. काजूच्या मुलखात राहून आपण काजू विकतो, खात नाही. फळेही सोडू. मुलांचा वाटा लहान म्हणून पाच जणांची मोठी चार माणसे धरू आणि आपल्या बाजारातले साधारण भाव लावू. महिन्याला डाळ दहा किलो, १२० रुपये भावाने १,२०० रुपये. तेल तीन किलोच्या थोडे वर, ४८० रुपये. दूध छत्तीस लिटर, साठच्या भावाने २,१६० रुपये. भाजी अठ्ठेचाळीस किलो, चाळीसने धरली तरी १,९२० रुपये. कष्टाच्या घरात तांदूळ महिन्याला पन्नास किलो तरी लागतो. रेशनवर माणशी पाच किलोप्रमाणे पंचवीस किलो धान्य फुकट मिळाले, उरलेला पंचवीस किलो तांदूळ चाळीसच्या भावाने १,००० रुपये. एकूण झाले ६,७६० रुपये. महिन्याची सगळी मजुरी ताटातच संपली आणि वर दोनशे साठ रुपये कमी पडले. मीठमसाला, साबण, सिलिंडर, वीज, मुलांच्या वह्या, एस.टी.चे भाडे, हप्ता यांना अजून हात लागलेला नाही.

मग हे घर प्रत्यक्षात चालते कसे? दहा किलो डाळीच्या जागी दोन किलो येते, आणि आमटी डाळ कमी, पाणी जास्त अशी होते. दूध चहापुरते, महिन्याला सात-आठ लिटर. विकतची भाजी पंधरा किलोच्या आसपास. अशा ताटाचा खर्च पावणेतीन हजारांवर येतो. महिन्याला जवळपास चार हजार रुपये वाचले, आणि ते पहिल्या तऱ्हेच्या खर्चाला गेले. भात मात्र कमी होत नाही, उलट वाढतो. पोट भरलेले असते, त्यामुळे आपण उपाशी आहोत असे घरात कुणालाच वाटत नाही. डॉक्टरने ‘नीट खात जा’ म्हटले की माणूस मनापासून सांगतो, “दोन वेळ पोटभर जेवतो हो.” त्याचे खरे असते. ऊर्जा मिळते, प्रथिने, लोह, कॅल्शियम मिळत नाही. अंगात ताकद नसलेली, दंड बारीक आणि पोट सुटलेली माणसे आपल्या वाड्यांवर पूर्वीपेक्षा जास्त दिसतात, आणि साखरेचा आजारही आता फक्त बसून खाणाऱ्यांचा राहिलेला नाही.

मजुरी आणि ताट यांची ही सांगड नवी नाही. मजुराला किमान किती द्यावे हे मालकाच्या मर्जीवर नको, कायद्याने ठरावे, यासाठीचे किमान वेतन विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले ते व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. पुढे १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि तो आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. किमान म्हणजे किती, याचे उत्तर १९५७ च्या पंधराव्या भारतीय कामगार परिषदेने दिले. कामगाराच्या कुटुंबात तीन खाणारी माणसे धरायची, माणशी २,७०० उष्मांकाचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, किमान घरभाडे, आणि एकूण वेतनाच्या वीस टक्के इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्यासाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले.

म्हणजे दवाखान्याचा खर्च मजुरीतच मोजलेला असायला हवा, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. प्रत्यक्षात केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशासाठी जी तळाची मजुरी सांगितली ती दिवसाला १७८ रुपये. आपल्या बाजारात तेवढ्यात जेमतेम दीड किलो तूरडाळ येते.

त्या १९५७ च्या सूत्रात आणखी एक गोष्ट आहे. तीन खाणारी माणसे कशी धरली? कामगार पुरुष एक, त्याची बायको पॉइंट आठ, दोन मुले प्रत्येकी पॉइंट सहा. म्हातारे आईबाप त्यात नाहीत. विहारात एक दिवस आड गोळी घेणाऱ्या आजी कोणत्याच हिशेबात बसत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच आपल्याला हिशेबातून अर्धे काढले होते. आणि बायको पॉइंट आठ का? चिखलात कमरेत वाकून दिवसभर लावणी करणारी, घरी येऊन पाणी भरणारी, लाकडे आणणारी बाई गड्यापेक्षा कमी राबते असे कोणत्या परिषदेने ठरवले? पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे बाईला उष्मांक पुरुषापेक्षा कमी लागतात हे बरोबर आहे, पण लोह जास्त लागते. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर पाळी येणाऱ्या बाईला २९ मिलिग्रॅम. आपल्या घरात मात्र सगळ्यांचे झाल्यावर ती जेवते. तळाची डाळ, उरला तर माशाचा तुकडा, नाहीतर भात आणि कढी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत ४८ टक्के होत्या. पाच वर्षांखालच्या मुलांत तर प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात गेले.

रक्त कमी असले की काय होते हे मजुरीच्या भाषेत सांगतो. चढण चढताना दम लागतो, म्हणून मुकादम म्हणतो ही बाई मागे राहते. किलोवर किंवा नगावर मजुरी असेल तर दिवसाचे काम कमी भरते आणि पैसे कमी येतात. पैसे कमी आले की पुन्हा डाळ कमी. बाळंतपणात अशा बाईला रक्तस्राव झाला तर तो सोसायला अंगात काही शिल्लक नसते, आणि मूल कमी वजनाचे जन्मते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी बाजू मांडली होती. आज पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पाच हजार रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. नोंदणी आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत करायची. आमच्या पाहण्यात कितीतरी सुना माहेरच्या आणि सासरच्या कागदांच्या घोळात यातून सुटतात.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. तथागतांचे प्रवचन ऐकायचे म्हणून तो निघाला, पण त्याचा बैल हरवला. दिवसभर रान तुडवून बैल शोधला आणि उपाशीपोटी तसाच सभेला आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि तो जेवल्यावर उपदेश सुरू केला. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेइतका मोठा रोग नाही, भुकेल्याला धम्म कळणार कसा, असे त्यांनी समजावले. विहारात आरोग्याचे व्याख्यान ठेवताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते.

आपल्या लोकांवर मजुरीचाच एवढा भार का, याचे उत्तर जमिनीत आहे. वैभववाडीचा हा भाग १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि रत्नागिरी म्हणजे खोतांचा जिल्हा. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कायदा व्हायला १९४९ उजाडले. तोवर आणि त्यानंतरही आपल्या वाट्याला जे आले ते वरकस, कातळ आणि गुंठ्यांचे तुकडे. पोट मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो आधारही डळमळला. आताचे चाकरमानी कंत्राटी सिक्युरिटीत, हाऊसकीपिंगमध्ये आहेत. त्यांच्या खोलीचे भाडे भागता भागता गावी किती येणार? म्हणून गावचे घर आज गावच्या मजुरीवर आहे, आणि ही मजुरी पावसाच्या चार महिन्यांत जोरात असते.

नेमके त्याच चार महिन्यांत आजारपण महाग पडते. लावणीच्या दिवसांत अंगात ताप असला तरी माणूस कामावर जातो, कारण हे दिवस बुडाले तर पुढे काम नाही. आपल्या जिल्ह्यात हा ताप लेप्टोचा असू शकतो. उंदीर-गुरांच्या मुतातून तो शेताच्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. ताप, डोके दुखणे, पोटऱ्या आणि कंबर ठणकणे, डोळे लाल होणे ही खूण. पहिल्या एक-दोन दिवसांत दवाखान्यात गेले तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. तीन-चार दिवस पॅरासिटामॉलवर रेटले तर मूत्रपिंड आणि फुप्फुसापर्यंत जातो, आणि मग ओरोस, कोल्हापूर नाहीतर गोव्यातले बांबोळी. एका दिवसाचे ३१२ रुपये वाचवायला गेलेल्या घराला गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे खाणे आणि महिनाभराचा बुडालेला रोज सोसावा लागतो. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा कोल्हापूरला जाणाऱ्या रुग्णांना भुईबावड्याने वळसा घालावा लागला, तो जादाचा खर्च निराळा. लावणीच्या हंगामात आठवड्यातून एकदा घ्यायची प्रतिबंधक गोळी आरोग्य कर्मचारी देतात, ती घ्यावी. गरोदर बाईने आणि लहान मुलांना देताना आधी विचारावे. ही गोळी पोटात जळजळते म्हणून बरेच जण टाकून देतात. जेवल्यावर भरपूर पाण्याबरोबर घेतली तर त्रास कमी होतो.

आता हातात काय आहे ते पाहू. आहे त्या पैशात जास्तीत जास्त प्रथिने कुठे मिळतात, याचा हिशेब मी एकदा दहा रुपयांवर करून पाहिला. दहा रुपयांच्या कुळथात, शंभरचा भाव धरला तर, २२ ग्रॅम प्रथिने. तूरडाळीत १८. अंडे सातला धरले तर साडेआठ. दुधात पाच. बिस्किटाच्या पुड्यात चारेक, आणि वर साखर-मैदा. सोयाबीनच्या वड्यांत तीसच्या वर. म्हणजे आपल्या आयांची कुळथाची पिठी काही गरिबीची खूण नव्हती. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो, गुंठाभर जागा असली तरी घरापुरता होतो. पाहुणे आले की आपण पिठी लपवतो आणि खारी-बटर पुढे करतो, हे उलटे आहे. नाचणीच्या भाकरीत कॅल्शियम भाताच्या कितीतरी पट. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला यांना पैसे पडत नाहीत. फणसाच्या आठळ्या सुकवून ठेवल्या तर आमटीत पडतात. काजूची बोंडे आपण बी काढून फेकतो. त्यांत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते, आणि ते पालेभाजीतले लोह अंगी लावते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जाते. सुका जवळा, सुकट हे स्वस्त आणि कसदार, पण खारे. घरात दाबाचा माणूस असेल तर गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्यावे.

याच हिशेबात तंबाखू आणि मिश्रीही धरायला हवी. भूक मारायला, कामावर तरतरी राहायला ती तोंडात जाते, हे मला ठाऊक आहे. रोजचे वीस रुपये धरले तर महिन्याला सहाशे. पाच किलो डाळ.

पण नुसत्या कुळथाने महिन्याचे चार हजार भरून निघत नाहीत. जे हक्काचे आहे ते घरात यायला हवे. सगळ्यात आधी रेशनकार्ड काढून नावे मोजा. नव्या सुनेचे, धाकट्या मुलाचे नाव चढले नसेल तर एका नावामागे महिन्याला पाच किलो, वर्षाला साठ किलो धान्य जाते. बाजारात त्याचे २,४०० रुपये होतात. ई-केवायसी राहिली म्हणून नाव अडकले असेल तर दुकानात जाऊन करून घ्यावी. मुंबईत राहणारा माणूस आपला वाटा तिथल्या दुकानातही उचलू शकतो.

प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेसाठी ग्रामीण भागात वर्षाची उत्पन्नमर्यादा ४४,००० रुपये ठरवली गेली ती २०१३ मध्ये, अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा. आता ३१२ च्या दराने घरातल्या एकाच माणसाने १४२ दिवस काम केले तरी घर या मर्यादेबाहेर जाते. पाच माणसांच्या घरात ४४,००० म्हणजे माणशी दिवसाला चोवीस रुपये. त्याहून एक रुपया जास्त मिळवणारा सरकारी कागदावर पोटापुरते कमावणारा ठरतो. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा तर २१,००० आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसे संकोचाने खोटे बोलतात आणि मनातून खजील होतात. खजील व्हायची गरज मर्यादा ठरवणाऱ्याला आहे. आपल्या तालुका संघांनी ठराव करायचेच असतील तर या आकड्यावर करावेत आणि तहसीलदारांमार्फत वर पाठवावेत.

दवाखान्याचे सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही. भरती व्हावे लागले तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ती ठरावीक उपचारांसाठी आणि यादीतल्याच रुग्णालयांत चालते, बाहेरून औषधे घेऊन घरी जाणाऱ्याला नाही. म्हणून भरती होताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत हवे, आणि पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठायला हवे. कर्ज काढून बिल भरल्यानंतर योजनेची चौकशी करणारे लोक मी दर महिन्याला पाहतो. आपल्या वाड्यांवरच्या फायनान्सच्या हप्त्यांचे मूळ शोधले तर पुष्कळदा ते कुणाच्या तरी आजारपणात सापडते.

मजुरीबद्दलही दोन गोष्टी. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे, तरी लावणीत गड्याला एक आणि बाईला एक दर चालतो, आणि तो ठरवताना आपलीच माणसे गप्प बसतात. रोजगार हमीत हा भेद नाही. काम तोंडी न मागता लेखी मागावे आणि तारखेची पोच घ्यावी, कारण पोच नसली की काम मागितलेच नव्हते असे होते. गवंडीकाम, सेंट्रिंग, चिऱ्याचे बांधकाम करणाऱ्यांनी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवावे. आजारपणाला आणि बाळंतपणाला तिथून मदत मिळते.

विहाराच्या त्या आजींचे पुढे असे झाले. वाडीतले दाबाचे आणि साखरेचे सगळे मिळून अकरा जण निघाले. त्यांची नावे, कार्डे आणि वहीतले आकडे घेऊन एकच माणूस दवाखान्यात गेला आणि तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्याव्यात अशी विनंती केली. मुक्काम दूरचा, पावसाचे दिवस, हे सांगितल्यावर ती मान्य झाली. अट एवढीच, की दर महिन्याला प्रत्येकाचा दाब वहीत लिहून आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा रुग्णाने स्वतः यायचे. दाब मोजायचे यंत्र संघाने घेतले. जयंतीच्या ध्वनिक्षेपकाच्या एका रात्रीच्या भाड्याहून ते स्वस्त पडले, हे कार्यकर्त्यांनीच मला हसत सांगितले. गोळ्या आणायची पाळी आता घरांमध्ये फिरते, म्हणजे एका घराचा रोज अकरा महिन्यांतून एकदाच बुडतो.

वर्षावासाच्या समाप्तीला अश्विन पौर्णिमेला आजींचा दाब १३८/८६ होता. पट्टा सोडवत असतानाच त्यांनी मागे उभ्या असलेल्या सुनेला पुढे ओढले. “माझा ऱ्हवांदे, आता सुनेचो हात बघा.” नखे पांढरी फटक होती. ग्रामीण रुग्णालयात तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, रात्री जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर, चहाशिवाय. आणि त्या घरात आता सून सासूबरोबरच जेवायला बसते, अशी आजींची सक्त ताकीद आहे.